काउंटी बोर्डाचे नित्याचे कामकाज: विषयपत्रिका कशी वाचावी आणि आपले म्हणणे केव्हा मांडावे

कॅलिफोर्नियातील सांता क्लारा काउंटीत (काउंटी हा राज्याखालचा, आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा विभाग), म्हणजे सॅन होजे, सनीव्हेल, कुपर्टिनो, मिलपीटस या परिसरात, कित्येक मराठी कुटुंबे वर्षानुवर्षे राहत आहेत. शहराचा महापौर कोण आणि मुलांच्या शाळेच्या बोर्डावर कोण निवडून आले, याची त्यांना थोडीफार माहिती असते; काउंटीची आठवण मात्र बहुधा मालमत्ता कराचे बिल आल्यावरच होते. प्रत्यक्षात सरकारी रुग्णालये, तुरुंग, सार्वजनिक आरोग्य, अन्नसाहाय्य, निवडणुकांची यंत्रणा आणि उपाहारगृहांची तपासणी ही कामे काउंटीची आहेत, आणि त्यांवरचे निर्णय पाच निवडून आलेले सुपरवायझर, म्हणजे काउंटी बोर्डाचे सदस्य, उघड बैठकीत घेतात. या बैठकांचे कामकाज कसे चालते, त्यांची कागदपत्रे कशी वाचावीत आणि सामान्य रहिवाशाने कोणत्या टप्प्यावर काय करावे, हे या लेखात क्रमाने सांगितले आहे. उदाहरणे सांता क्लाराची असली तरी सभेचे मूळ नियम राज्याच्या कायद्यातून आलेले आहेत, त्यामुळे अलामेडा, सॅन माटेओ किंवा ऑरेंज काउंटीत राहणाऱ्यांनाही ते लागू पडतील.

आधी प्रश्न कोणाच्या अखत्यारीतला आहे ते ठरवा

चुकीच्या दारात उभे राहून केलेले उत्तम भाषणही वाया जाते, म्हणून ही पायरी कंटाळवाणी वाटली तरी टाळू नये. सांता क्लारा काउंटीत १५ शहरे आहेत आणि प्रत्येकाची स्वतंत्र नगर परिषद आहे. शहराच्या हद्दीतील बांधकाम परवाने, गल्लीतील रस्ते आणि बागा हे विषय त्या परिषदेकडे जातात. शाळांचा कारभार निवडून आलेली शालेय मंडळे पाहतात, पाणीपुरवठ्यासाठी व्हॅली वॉटर आणि सार्वजनिक वाहतुकीसाठी व्हीटीए अशा वेगळ्या संस्था आहेत. कोणत्याही शहरात न मोडणाऱ्या भूभागात मात्र जमिनीच्या वापरापासून रस्त्यांपर्यंत सर्व काही काउंटीच पाहते.

ही विभागणी वरवर दिसते तितकी सरळ नाही. लॉरेन्स एक्स्प्रेसवे आणि सॅन टोमास एक्स्प्रेसवे शहरांच्या मधून जातात, पण ते रस्ते काउंटीचे आहेत. तिथल्या सिग्नलची तक्रार सनीव्हेलच्या नगर परिषदेत मांडून उपयोग नाही. सनीव्हेलचे पोलीस आणि अग्निशमन दल शहराचे स्वतःचे आहे. शेजारच्या कुपर्टिनोत मात्र पोलिसांचे काम करारानुसार शेरीफ, म्हणजे काउंटीचा पोलीस प्रमुख, करतो आणि आग विझवायला येणारा बंब सांता क्लारा काउंटी सेंट्रल फायर प्रोटेक्शन डिस्ट्रिक्टचा असतो. या अग्निशमन संस्थेचे संचालक मंडळ म्हणजे काउंटी बोर्डाचे तेच पाच सदस्य. त्यामुळे विषयपत्रिकेत मध्येच या संस्थेचे नाव दिसले तर गोंधळून जाऊ नये. त्या विषयापुरती तीच माणसे दुसऱ्या पदाने बसलेली असतात.

बोर्डाची रचना

कॅलिफोर्नियात ५८ काउंट्या आहेत. सॅन फ्रान्सिस्को हे एकाच वेळी शहर आणि काउंटी असल्याने तिथे ११ सुपरवायझर आहेत. तो अपवाद सोडला तर सगळीकडे आजवर पाचच सुपरवायझर राहिले आहेत. २०२० च्या जनगणनेत अल्पाइन काउंटीची लोकसंख्या १,२०४ होती आणि लॉस एंजेलिस काउंटीची एक कोटीहून थोडी अधिक, तरी दोन्ही बोर्डांवर सदस्य मात्र पाच. लॉस एंजेलिसच्या मतदारांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये ही संख्या नऊवर नेण्यास मान्यता दिली असून तो बदल पुढील काही वर्षांत अमलात येणार आहे. सांता क्लारामध्ये १९ लाखांहून अधिक लोकसंख्येसाठी पाच जण आहेत, म्हणजे एका सुपरवायझरमागे जवळजवळ चार लाख रहिवासी येतात.

जिल्हा परिषदेच्या कामाशी परिचित असलेल्या वाचकाने एक फरक ध्यानात ठेवावा. आपल्याकडे जिल्ह्यात निवडून आलेली जिल्हा परिषद वेगळी आणि महसूल व कायदा-सुव्यवस्था पाहणारे जिल्हाधिकारी वेगळे, शिवाय परिषदेचा मुख्य कार्यकारी अधिकारी राज्य शासनाकडून येतो. काउंटीत कायदे करणे, अंदाजपत्रक मंजूर करणे आणि प्रशासनावर नियंत्रण ठेवणे हे तिन्ही अधिकार बोर्डाकडे असतात, आणि सांता क्लारात प्रशासन चालवणारा काउंटी एक्झिक्युटिव्ह बोर्डच नेमते. शेरीफ, डिस्ट्रिक्ट अटर्नी (सरकारतर्फे फौजदारी खटले चालवणारा वकील) आणि असेसर (करासाठी मालमत्तेचे मूल्य ठरवणारा अधिकारी) हे मात्र थेट मतदारांनी निवडलेले अधिकारी आहेत. बोर्ड त्यांचे अंदाजपत्रक ठरवते, पण कोणता खटला चालवावा किंवा तुमच्या घराचे मूल्यांकन किती करावे, हे त्यांना सांगू शकत नाही. मूल्यांकन मान्य नसेल तर त्यासाठी अपिलाची वेगळी वाट आहे: अर्ज बोर्डाच्या क्लार्ककडे, म्हणजे बोर्डाची कागदपत्रे आणि नोंदी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडे, दाखल होतो आणि निर्णय अपील मंडळाकडून मिळतो. नेहमीच्या वार्षिक मूल्यांकनासाठी ही मुदत २ जुलैला सुरू होते आणि काउंटीनुसार १५ सप्टेंबर किंवा ३० नोव्हेंबरला संपते.

आपला सुपरवायझर कोण, हे काउंटीच्या संकेतस्थळावर घराचा पत्ता टाकून कळते. ते नाव आणि त्या कार्यालयाचा ईमेल आजच टिपून ठेवावा, कारण पुढे त्याची गरज लागणार आहे.

विषयपत्रिका हातात आल्यापासूनचे तीन दिवस

स्थानिक संस्थांच्या बैठका उघड्यावर झाल्या पाहिजेत, हा नियम राल्फ एम. ब्राउन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १९५३ च्या कायद्याने घालून दिला. या ब्राउन कायद्यानुसार नियमित बैठकीची विषयपत्रिका किमान ७२ तास आधी आणि विशेष बैठकीची किमान २४ तास आधी प्रसिद्ध करावी लागते. या ७२ तासांत शनिवार-रविवारही मोजले जातात. सांता क्लारा बोर्डाच्या बैठका सहसा मंगळवारी सॅन होजेच्या वेस्ट हेडिंग स्ट्रीटवरील काउंटी इमारतीत होतात. बैठक सकाळी साडेनऊची धरली, तर शनिवारी सकाळी साडेनऊला लावलेली विषयपत्रिकाही कायद्यात बसते. वाचून, समजून घेऊन लिहायला उरतो तो शनिवार-रविवार आणि सोमवार, आणि या दिवसांतच रहिवाशाचे बहुतेक काम होत असते. म्हणून संकेतस्थळावर विषयपत्रिकेच्या ईमेलसाठी नाव नोंदवून ठेवावे. लेखी विनंती करून विषयपत्रिका मागवण्याचा हक्कही कायद्यात आहे. तशी कायमस्वरूपी विनंती एका कॅलेंडर वर्षापुरती चालते आणि जानेवारीत तिचे नूतनीकरण करावे लागते.

विषयपत्रिकेवर प्रत्येक विषयाचे वर्णन अतिशय त्रोटक असते. कायद्याची अपेक्षाच अशी आहे की ते साधारण २० शब्दांच्या पुढे जाण्याची गरज नसावी. मोठ्या काउंटीत एका बैठकीला कित्येक डझन विषय असतात आणि जोडपत्रांसह कागदपत्रांची पाने हजारांत जाऊ शकतात. सगळे वाचायला जाऊ नये. पहिल्या वाचनात फक्त विषयांची यादी चाळून आपल्या विषयाचे शब्द शोधावेत: आपल्या भागाचे नाव, रस्त्याचे नाव, रुग्णालयाचे नाव, आपण काम करतो त्या संस्थेचे नाव. मग विषय क्रमांक, त्यापुढे लिहिलेली क्रिया आणि मतांची अट, एवढे टिपून घ्यावे.

क्रियापदाकडे विशेष लक्ष द्यावे. ‘अहवाल स्वीकारणे’ असे लिहिले असेल तर त्या दिवशी बहुधा काहीच बदलत नाही. चर्चा होते आणि कागद दप्तरी जातो. ‘मंजुरी देणे’ किंवा ‘ठराव संमत करणे’ असे असेल तर त्याच दिवशी निर्णय होतो. ‘अध्यादेश मांडणे’ असे असेल तर तो पहिलाच टप्पा असतो (इथे अध्यादेश म्हणजे बोर्डाने केलेला काउंटीचा स्थानिक कायदा). ‘पुढे ढकलणे’ अशी सूचना असेल तर कामाच्या दिवशी रजा काढून तिथे जाण्याआधी क्लार्कच्या कार्यालयात फोन करून खात्री करून घ्यावी. मागे बोर्डाने प्रशासनाकडे मागितलेली माहिती परत येते, तेव्हा ती कोणत्या तारखेच्या कोणत्या विषयातून निघाली याचा उल्लेख वर्णनात असतो. तो धागा धरून मागे गेले की संपूर्ण प्रकरणाचा इतिहास हाती लागतो.

कन्सेंट कॅलेंडर

सुरुवातीला ध्वजवंदन आणि सत्कार होतात. दिवाळीनिमित्त किंवा एखाद्या मंडळाच्या कार्याबद्दल सन्मानपत्र दिले जाते, छायाचित्रे निघतात आणि मंडळी घरी जातात. या सन्मानपत्रांना कायदेशीर वजन काहीच नसते, आणि आपल्या समाजातील कित्येकांचा काउंटी बोर्डाशी आलेला संबंध तिथेच संपतो ही खंत वाटण्यासारखी गोष्ट आहे, कारण खरे कामकाज त्यानंतर सुरू होते.

ज्या विषयांवर वाद अपेक्षित नाही असे सगळे विषय एकत्र करून एकाच मतदानाने मंजूर केले जातात. त्या गठ्ठ्याला कन्सेंट कॅलेंडर म्हणतात. मागील बैठकीचे इतिवृत्त, नेमणुका, अनुदाने, कंत्राटे, दुरुस्तीची कामे असे सर्व त्यात येते. पन्नास-साठ विषय काही मिनिटांत मंजूर होतात आणि प्रेक्षकांत बसलेल्या नवख्या माणसाला काय झाले हेही कळत नाही. यात लपवाछपवी असते असे नाही, कारण प्रत्येक विषयाचा कागद आधीच प्रसिद्ध झालेला असतो आणि इतक्या मोठ्या संस्थेला प्रत्येक कंत्राटावर चर्चा करणे शक्यही नाही. परंतु काउंटीचा पैसा मोठ्या प्रमाणावर याच वाटेने जातो. सभागृहात दोन तास गाजलेला ठराव कधी कधी केवळ भावना व्यक्त करणारा असतो, तर त्याआधी एका दमात मंजूर झालेल्या विषयांत कोट्यवधी डॉलरचे करार असतात.

सांता क्लाराच्या यादीत एक ठरावीक साच्याचा विषय वारंवार दिसतो: अमुक सेवेसाठी वाटाघाटी करणे, करारावर सही करणे, तो बदलणे किंवा संपवणे यांचे अधिकार काउंटी एक्झिक्युटिव्हला किंवा त्याने नेमलेल्या अधिकाऱ्याला सोपवावेत. असा विषय वाचताना चार गोष्टी पाहाव्यात. रकमेची कमाल मर्यादा किती आहे. कराराची मुदत किती आहे. सोपवलेले अधिकार कोणत्या तारखेला संपतात. आणि स्पर्धात्मक निविदा मागवल्या होत्या की त्यातून सूट मागितली आहे. मंजुरीनंतर तो करार पुन्हा बोर्डापुढे येईलच असे नाही, त्यामुळे आक्षेप असेल तर तो याच बैठकीत नोंदवावा लागतो.

कन्सेंटमधील विषयावरही जनतेला बोलता येते आणि सुपरवायझरला तो विषय गठ्ठ्यातून बाहेर काढून स्वतंत्र चर्चेला घेता येतो. तसे व्हावे अशी इच्छा असेल तर आदल्या दिवसापर्यंत आपल्या सुपरवायझरच्या कार्यालयाला कारणासह लिहावे. मतदान झाल्यावर उठून काही सांगण्यात अर्थ उरत नाही.

कर्मचाऱ्यांचा अहवाल कसा वाचावा

प्रत्येक महत्त्वाच्या विषयासोबत संबंधित खात्याने लिहिलेला अहवाल जोडलेला असतो. सांता क्लारात त्याची रचना ठरलेली आहे: शिफारस, आर्थिक परिणाम, शिफारशीची कारणे, मुले व ज्येष्ठ नागरिक यांच्यावरील परिणाम, पर्यावरणविषयक परिणाम, पार्श्वभूमी, मंजुरी न दिल्यास काय होईल आणि मंजुरीनंतरची पावले. बहुतेक लोक पार्श्वभूमीपासून सुरुवात करतात आणि दमतात. आधी आर्थिक परिणाम वाचावा, कारण पैसा काउंटीच्या सर्वसाधारण निधीतून येतो की राज्य किंवा संघीय अनुदानातून, हे तिथे लिहिलेले असते. अनुदान संपल्यावर ते काम कोण चालवणार, हा प्रश्न त्या एका वाक्यातून सुचतो. त्यानंतर ‘मंजुरी न दिल्यास’ हा भाग वाचावा. खात्याला हा विषय किती निकडीचा वाटतो याचा अंदाज तिथे येतो. ‘शिफारस केलेली कृती होणार नाही’ एवढेच गोलमाल वाक्य असेल, तर बोर्डाला तो विषय थोडा लांबणीवर टाकण्यास वाव आहे असे समजायला हरकत नाही.

विषयपत्रिका लागल्यानंतर बोर्डाच्या बहुसंख्य सदस्यांना आणखी कागद वाटले गेले, तर तेही त्याच वेळी जनतेला उपलब्ध करावे लागतात. म्हणून सोमवारी संध्याकाळी तो विषय पुन्हा एकदा उघडून पाहावा. शेवटच्या क्षणी जोडलेले पत्रक कधी कधी मूळ शिफारसच बदलून टाकते.

बैठकीपूर्वी कोणाला गाठावे

ब्राउन कायद्याचा एक परिणाम बाहेरच्या माणसाला सहसा माहीत नसतो. बोर्डाच्या अखत्यारीतील विषयावर बहुसंख्य सदस्यांनी बैठकीबाहेर, मग ते एकापाठोपाठ फोन करून असो किंवा मध्यस्थामार्फत असो, चर्चा करण्यास मनाई आहे. पाच जणांच्या बोर्डात तीन म्हणजे बहुमत, म्हणून एखादा सुपरवायझर एखाद्या विषयावर फार तर एका सहकाऱ्याशी खासगीत बोलू शकतो. मते जुळवण्याची ही वाट बंद असल्याने प्रत्येक सदस्य आपल्या कार्यालयातील धोरण सहायकांवर आणि रहिवाशांकडून येणाऱ्या माहितीवर बराच अवलंबून असतो. तुम्ही पाचही जणांना स्वतंत्रपणे पत्र लिहू शकता, त्यावर बंधन नाही. पण एका सदस्याचे मत दुसऱ्याच्या कानावर घालण्याचे काम तुम्ही करू नये आणि ते तुमच्याकडून कोणी करून घेऊ नये.

पत्र एका पानाचे असावे. पहिल्या ओळीत बैठकीची तारीख, विषय क्रमांक आणि आपण त्या सदस्याच्या मतदारसंघात राहतो हे लिहावे, दुसऱ्यात नेमकी मागणी. ‘या विषयाचा गांभीर्याने विचार व्हावा’ या वाक्याने काहीच साध्य होत नाही. ‘कराराची मुदत पाचऐवजी दोन वर्षांची करावी आणि वर्षाअखेर अहवाल मागवावा’ हे वाक्य सुपरवायझरला जसेच्या तसे सूचना म्हणून मांडता येते. त्याखाली आपल्या अनुभवातील एक-दोन ठोस गोष्टी पुरेशा असतात. क्लार्ककडे पाठवलेले लेखी निवेदन सार्वजनिक नोंदीचा भाग बनते, त्यामुळे त्यात घरचा पत्ता, फोन किंवा आजारपणाचा खासगी तपशील लिहिण्याआधी विचार करावा.

याहूनही आधीचा टप्पा समित्यांचा आहे. आरोग्य व रुग्णालये, वित्त व प्रशासन, सार्वजनिक सुरक्षा व न्याय, मुले-ज्येष्ठ-कुटुंबे, आणि गृहनिर्माण-भूमिवापर-पर्यावरण-वाहतूक अशा विषयसमित्यांवर प्रत्येकी दोन सुपरवायझर बसतात. त्यांच्या बैठकाही उघड्या असतात, गर्दी कमी असते, आणि मसुदा अजून घट्ट झालेला नसतो. ज्या विषयाची आपल्याला खरोखर आस्था आहे त्याच्या समितीची विषयपत्रिका नियमाने पाहावी. पूर्ण बोर्डापुढे दोन मिनिटे मिळवण्यापेक्षा समितीसमोर बोललेले बहुधा जास्त उपयोगी पडते. विषय अजून कोठेच आलेला नसेल तर सुपरवायझरला तो स्वतःहून बोर्डापुढे मांडण्याची आणि प्रशासनाकडून अहवाल मागवण्याची विनंती करावी.

माईकसमोर

सभेत बोलण्यासाठी नागरिक असण्याची अट नाही. व्हिसावर काम करणारा अभियंता, ग्रीन कार्डची वाट पाहणारी शिक्षिका किंवा सहा महिन्यांसाठी मुलाकडे आलेले आई-वडील, कोणीही बोलू शकते. सभेला हजर राहण्यासाठी नाव नोंदवण्याची सक्ती करता येत नाही. बोलण्यासाठीच्या चिठ्ठीवर मात्र नाव विचारले जाते, ते रांग लावण्याच्या सोयीसाठी. बोर्डाच्या धोरणांवर किंवा कारभारावर टीका केली म्हणून कोणाला थांबवता येत नाही, पण सभा उधळणाऱ्याला ताकीद देऊन बाहेर काढण्याचा अधिकार अध्यक्षांना आहे.

विषयपत्रिकेतील विषयावर निर्णय होण्यापूर्वी किंवा चर्चेदरम्यान बोलण्याची संधी द्यावी लागते. विषयपत्रिकेवर नसलेल्या, पण काउंटीच्या अखत्यारीतील गोष्टींसाठी नियमित बैठकीत वेगळा वेळ असतो. या दुसऱ्या प्रकारात सदस्य गप्प बसतात आणि लोकांना तो अपमान वाटतो. वास्तविक कायदाच त्यांना विषयपत्रिकेबाहेर निर्णय घेऊ देत नाही; ते थोडक्यात उत्तर देऊ शकतात, एखादा प्रश्न विचारू शकतात, कर्मचाऱ्यांकडे बाब सोपवू शकतात किंवा पुढील बैठकीत विषय घेण्यास सांगू शकतात. म्हणून तिथे उत्तर मागण्यापेक्षा ‘हा विषय पुढील विषयपत्रिकेवर घ्यावा’ अशी मागणी करावी.

वेळ बहुधा दोन मिनिटांचा असतो आणि वक्ते जास्त असतील तर अध्यक्ष तो एका मिनिटावर आणतात. सावकाश बोलल्यास एका मिनिटात शंभर-सव्वाशे शब्दच बसतात. आभार आणि आत्मपरिचय यांतच अर्धा वेळ घालवण्याची आपल्या सभांची सवय इथे महागात पडते. विषय क्रमांक, बाजू की विरोध, मागणी, कारण, या क्रमाने बोलावे आणि एक मिनिटाची आवृत्तीही तयार ठेवावी. जे वक्त्याने आधी सांगितले तेच सांगायचे असेल तर ‘त्यांच्याशी सहमत आहे’ म्हणून आपला वेगळा मुद्दा तेवढा मांडावा.

इंग्रजीत बोलणे अवघड वाटणाऱ्यांसाठी एक तरतूद मोलाची आहे: दुभाष्याच्या मदतीने बोलणाऱ्याला, एकाच वेळी भाषांतर ऐकवणारी यंत्रणा नसल्यास, इतरांच्या किमान दुप्पट वेळ द्यावा लागतो. घरातल्या आजींना काउंटी रुग्णालयातला आपला अनुभव मराठीतून सांगायचा असेल आणि नात त्याचे इंग्रजी करणार असेल, तर दोन मिनिटांचे चार मिनिटे मिळतात. काउंटीकडून दुभाषी हवा असेल तर मात्र क्लार्कच्या कार्यालयाला बरेच दिवस आधी कळवावे. मराठीचा दुभाषी आयत्या वेळी मिळेल अशी अपेक्षा धरू नये.

मतदान आणि त्याची गणिते

सूचक सूचना मांडतो, दुसरा सदस्य अनुमोदन देतो आणि प्रत्येकाचे मत जाहीरपणे नोंदवले जाते. तीन सदस्य हजर असले की गणपूर्ती होते. परंतु कोणताही निर्णय वैध होण्यासाठी एकूण सदस्यसंख्येच्या बहुमताची, म्हणजे तीन होकारांची गरज असते. हजर असलेल्यांचे बहुमत पुरत नाही. तीनच जण उपस्थित असतील तर तिघांचेही मत हवे, आणि तटस्थ राहणाऱ्याचा परिणाम विरोधात मत देणाऱ्याइतकाच होतो. काही विषयांपुढे चार-पंचमांश मतांची अट लिहिलेली असते. वर्षाच्या मध्ये अनपेक्षितपणे आलेला महसूल खर्चासाठी उपलब्ध करून देणे, हे त्याचे नेहमीचे उदाहरण. अशा वेळी दोन सदस्यही विषय अडवू शकतात, आणि कोणाला पत्र लिहावे याचे गणित त्यानुसार बदलते.

ठराव एकाच बैठकीत संमत होतो, अध्यादेशाला मात्र दोन टप्पे लागतात: मांडणी म्हणजे पहिले वाचन आणि संमती म्हणजे दुसरे वाचन. राज्याच्या कायद्यानुसार अध्यादेश मांडल्यापासून पाच दिवसांच्या आत तो संमत करता येत नाही. संमत झाल्यावर १५ दिवसांत प्रसिद्ध करावा लागतो आणि साधारणपणे ३० दिवसांनी अमलात येतो. तातडीचा अध्यादेश चार-पंचमांश मतांनी लगेच लागू होऊ शकतो. उदाहरणच घ्यायचे तर घरगुती डब्याच्या व्यवसायाचे घ्यावे. घरच्या स्वयंपाकघरात शिजवलेले जेवण विकण्याची वाट २०१८ च्या राज्य कायद्याने मोकळी केली, पण ती आपल्या हद्दीत लागू करायची की नाही हे स्थानिक संस्थेवर, म्हणजे बहुतेक ठिकाणी काउंटी बोर्डावर सोडले. पोळी-भाजीचे डबे पुरवणाऱ्या भगिनींना कायदेशीर परवाना मिळणार की नाही हे अशा अध्यादेशावर ठरते. त्याचे दुसरे वाचन बहुधा कन्सेंट कॅलेंडरमध्ये येते, आणि बऱ्याच जणांना विषयाची कुणकुण तेव्हा लागते. मसुद्यात बदल करून घ्यायचा असेल तर समिती आणि पहिले वाचन हेच टप्पे महत्त्वाचे. पहिल्या वाचनानंतर मजकुरात खरा बदल केला तर पुन्हा मांडणी करावी लागते, आणि ते करायला कोणी राजी नसते.

बंद दाराआडची चर्चा

चालू किंवा संभाव्य खटले, जमीन खरेदी-विक्रीच्या किमतीची बोलणी, कर्मचारी संघटनांशी वाटाघाटी आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांची नेमणूक किंवा मूल्यमापन अशा मोजक्या कारणांसाठीच बोर्ड बंद सत्र घेऊ शकते. त्याचा उल्लेख विषयपत्रिकेवर असावा लागतो, सत्रापूर्वी त्यावर बोलता येते आणि कायद्याने सांगितलेले निर्णय बाहेर येऊन जाहीर करावे लागतात.

अंदाजपत्रकाचा हंगाम

काउंटीचे आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होते. प्रशासनाचे प्रस्तावित अंदाजपत्रक वसंतात प्रसिद्ध होते, मे महिन्यात खातेवार चर्चा होतात आणि जूनमध्ये जाहीर सुनावणी होऊन मंजुरी मिळते. सांता क्लाराचे अंदाजपत्रक दहा अब्ज डॉलरहून मोठे आहे, पण त्यातील बराच भाग रुग्णालये आणि राज्य-संघीय कार्यक्रमांना बांधलेला असतो. बोर्डाला हवे तसे वळवता येईल असा पैसा त्या मानाने थोडा असतो. जूनच्या सुनावणीत येऊन ‘या केंद्राला निधी द्या’ म्हणणारे पुष्कळ असतात. ज्यांना खरोखर निधी मिळवायचा आहे ते हिवाळ्यातच खात्याच्या प्रमुखांना आणि सुपरवायझरच्या कार्यालयाला भेटलेले असतात, कारण खात्यांच्या मागण्या तेव्हाच तयार होत असतात.

बैठकीनंतरचा पाठपुरावा

निर्णयाची अधिकृत नोंद इतिवृत्तात असते आणि ते पुढील एखाद्या बैठकीत मंजूर होते. तोवर ध्वनिचित्रमुद्रण पाहता येते. त्यातील आपल्या विषयाची वेळ टिपून ठेवावी. सुपरवायझरने ‘सहा महिन्यांनी अहवाल आणा’ असे सांगितले असेल तर ती तारीख आपल्या दिनदर्शिकेतही लिहावी, कारण अहवाल उशिरा आला तर त्याची आठवण करून देणारा दुसरा कोणी असेलच असे नाही.

कागद हवा असेल तर सार्वजनिक अभिलेख कायद्याखाली अर्ज करावा. आपल्याकडच्या माहिती अधिकाराची सवय असलेल्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल, मात्र इथे ठरावीक नमुना किंवा अर्जाचे शुल्क नाही. साधा ईमेल चालतो. कागद देता येतील की नाही हे दहा दिवसांत कळवावे लागते आणि विशिष्ट परिस्थितीत ही मुदत आणखी १४ दिवसांपर्यंत वाढू शकते. ‘या विषयाची सर्व कागदपत्रे’ असे मागू नये. करार क्रमांक, तारखांची मर्यादा आणि खात्याचे नाव दिले की उत्तर लवकर येते.

सभेच्या नियमांचा भंग होऊन निर्णय झाला असे वाटल्यास आधी बोर्डाला लेखी मागणी करून चूक दुरुस्त करण्याची संधी द्यावी लागते. उघड सभेत घेतलेला पण विषयपत्रिकेवर नसलेला निर्णय असेल तर ही मागणी ३० दिवसांत करावी लागते, अन्य बहुतेक प्रकरणांत ९० दिवसांत. या वाटेने जाण्यापूर्वी वकिलाचा सल्ला घेतलेला बरा.

सल्लागार आयोगांवर जागा मिळवणे

वाचन आणि पाठपुरावा यांची सवय झालेल्या माणसाने पुढे आयोगांकडे पाहावे. काउंटीत ग्रंथालये, ज्येष्ठ नागरिक, महिला, मानवी हक्क, नियोजन अशा कामांसाठी नागरिकांच्या अनेक समित्या आणि आयोग असतात. त्यांपैकी बहुतेकांचे अधिकार सल्ल्यापुरते असतात, पण बोर्डापुढे येणारा विषय अनेकदा तिथे आकार घेतो. २०२१ मध्ये सांता क्लाराच्या मानवी हक्क आयोगाने जातिभेदाच्या प्रश्नावर जाहीर सुनावणी घेतली, तेव्हा भारतीय समाजातील दोन्ही बाजूंची माणसे मोठ्या संख्येने बोलली. आयोगाचे काम बोर्डाला शिफारस करण्याचे असले तरी तो प्रश्न काउंटीच्या पातळीवर प्रथम तिथेच मांडला गेला.

कोणत्या नेमणुकांची मुदत येत्या वर्षी संपणार याची यादी काउंटीला दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत तयार करावी लागते. अवेळी जागा रिकामी झाली तर तिची सूचना लावावी लागते आणि त्यानंतर किमान दहा कामकाजाचे दिवस अंतिम नेमणूक करता येत नाही. अर्ज बोर्डाच्या क्लार्ककडे जातो. काही जागा विशिष्ट सुपरवायझरच्या शिफारशीने भरल्या जातात, त्यामुळे अर्जाची एक प्रत आपल्या सुपरवायझरच्या कार्यालयात देऊन भेटीची वेळ मागावी. २०१९ च्या राज्य कायद्यानुसार अशा नेमणुकीच्या पदांसाठी अमेरिकेचे नागरिकत्व आवश्यक नाही. १८ वर्षे पूर्ण केलेला राज्याचा रहिवासी अर्ज करू शकतो. व्हिसावर असलेल्यांनी मात्र मानधनाच्या जागेसाठी अर्ज करण्यापूर्वी आपल्या इमिग्रेशन वकिलाला विचारून घ्यावे, आणि अर्ज करण्याआधी त्या आयोगाच्या एक-दोन बैठकांना जाऊन बसावे, म्हणजे मुलाखतीत विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची बरीचशी उत्तरे तिथेच मिळतात.